३.२ टक्के : एका आकड्याचे वाचन

भारतातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ साली ६.१ टक्के होता. २०२३-२४ साली तो ३.२ टक्के झाला. दोन्ही आकडे एकाच नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आहेत. पहिल्या आकड्याने मोठे वादळ उठवले. अहवाल वेळेवर प्रसिद्ध होत नाही म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी २०१९मध्ये राजीनामे दिले. अहवाल बाहेर आला तो लोकसभेच्या निकालानंतर, ३१ मे रोजी. तेव्हा ज्यांनी ६.१ प्रमाण मानला, त्यांतले अनेक जण आज ३.२वर विश्वास ठेवत नाहीत. आणि तेव्हा ज्यांना ही पद्धतच सदोष वाटली होती, ते आज त्याच पद्धतीचा आकडा मिरवतात.

अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. हे अहवाल मी मूळ तक्ते आणि व्याख्यांसकट वाचत आलो, एवढाच माझा अधिकार. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की ३.२ हा आकडा खोटा नाही. आपण त्याला जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर मात्र तो देत नाही.

बेरोजगारीचा दर सर्व लोकसंख्येवर काढत नाहीत. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जी श्रमशक्ती होते, तिच्यातले किती जण कामाविना आहेत, एवढेच तो सांगतो. वर्षभराचा निकष लावताना मुख्य कामाबरोबर दुय्यम कामही धरतात आणि त्याला साधारण तीस दिवस पुरतात. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस घर सांभाळणारी, पण सुगीत महिनाभर घरच्या शेतात राबणारी स्त्री 'रोजगारात' येते. तिला मजुरी मिळाली का, हा प्रश्न या दरापुरता गैरलागू ठरतो.

सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एक संकेतांक मिळतो. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला २१. घरकाम सांभाळून सरपण-चारा गोळा करणाऱ्या किंवा घरासाठी शिवणटिपण करणाऱ्या बाईला ९३. २१ श्रमशक्तीच्या आत, ९३ बाहेर. प्रत्यक्षात एकच बाई सकाळी ९३ असते आणि दुपारी २१. तिला कोणत्या रकान्यात बसवायचे यावर देशाचा आकडा हलतो.

तो किती हलला, हे अहवालच सांगतो. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ झाला. याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारी म्हणून नोंदलेल्यांचे प्रमाण सुमारे ५२वरून ६७ टक्क्यांवर गेले आणि त्यातही बिनपगारी मदतनिसांचा वाटा वाढला. एकूण कामगारांत शेतीचा वाटा ४४.१वरून ४६.१ टक्के झाला. उद्योगांकडे जाऊ पाहणाऱ्या देशात तो घटायला हवा होता.

बाईचे न दिसणारे श्रम नोंदले गेले, हे चांगलेच झाले. आक्षेप आहे तो त्या नोंदीला 'नवा रोजगार' म्हणण्याला. या बाबतीत आपली बोली अहवालापेक्षा काटेकोर आहे. खेड्यात 'रोजगाराला जाणे' म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजाने कामाला जाणे. घरच्या रानात दिवसभर खुरपणाऱ्या बाईला कुणी 'रोजगाराला गेली' असे म्हणत नाही. काम आणि कमाई यांतला फरक त्या दोन शब्दांत शाबूत आहे, ३.२मध्ये तो पुसला जातो.

दुसऱ्या टोकाला शिकलेला तरुण आहे. निरक्षरांमध्ये बेरोजगारी जवळपास दिसतच नाही, शिक्षणाबरोबर ती वाढत जाते. अभ्यासिकेत बसलेल्या पदवीधराच्या मागे वाट पाहण्यापुरता तरी घरचा आधार असतो. ज्याला संध्याकाळची चूल पेटवायची आहे, त्याला बेरोजगार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम तो मिळेल त्या दामात करतो आणि अहवालात 'कामावर' दिसतो. तेव्हा कमी दर हे सुबत्तेचे लक्षण असेल किंवा नाइलाजाचेही. कोणते, ते दर सांगत नाही.

ही गोष्ट नवी नाही. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७०मध्येच बजावले होते की आपल्याकडे रोजगाराचे प्रकार इतके भिन्न आहेत की त्यांची एका आकड्यात बेरीज करणे योग्य नाही. त्या विचारावरच १९७२-७३पासूनच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांची मांडणी झाली. संकल्पना आपण दांतवालांच्या घेतल्या, इशारा तेवढा मागे ठेवला.

२०२५पासून हे आकडे दरमहा येऊ लागले आहेत. वेग वाढला, पण दरमहा एकच आकडा वाचून समज वाढणार नाही. अहवालात बाकीचे तक्तेही असतात. दर पाहिल्यावर वाचकाने निदान आणखी तीन गोष्टी पाहाव्यात : बिनपगारी मदतनीस किती, शेतीत किती, आणि नियमित पगारावर किती. शेवटचे प्रमाण २०१७-१८मध्ये २२.८ टक्के होते. २०२३-२४मध्ये ते २१.७ आहे. बेरोजगारी निम्म्यावर आली त्या सहा वर्षांत पगारदारांचा वाटा तसूभरही वाढला नाही. ३.२ची बातमी देताना हा २१.७ तिच्या शेजारी छापला पाहिजे.