खफजीतलं पाणी आणि रकान्यात नसलेली माणसं

पॉडकास्टच्या मागच्या भागात सरकारी उद्दिष्टांवर बोलताना मी एक वाक्य घाईत टाकून दिलं होतं: "टार्गेट वाचायचं असेल तर आधी त्याचा छेद वाचा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय? हा लेख त्याचं उत्तर आहे. उत्तरासाठी मी तुम्हाला अल खफजीला घेऊन जाणार आहे.

खफजी हे सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातलं, कुवेतच्या सीमेला चिकटलेलं समुद्रकाठचं गाव. १९९१च्या आखाती युद्धात इराकी सैन्याने ते दोन-तीन दिवस ताब्यात घेतलं होतं, म्हणून नाव कदाचित कानावरून गेलं असेल. एरवी गाव जगतं ते तेलावर. माझा आत्तेभाऊ तिथे एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. आम्ही त्याला नुसतं दादा म्हणतो. मूळचा लातूरचा.

एप्रिल २०१६ आठवा. त्या महिन्याच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आत्या-मामा टँकरच्या रांगेत होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला रियाधमध्ये 'व्हिजन २०३०' जाहीर झालं. दादा तेव्हा खफजीत समुद्राचं गोडं केलेलं पाणी पीत होता आणि फोनवर म्हणत होता, "इकडं वाळवंटात नळ सोडला की पाणी येतं रे, आणि आपल्याकडं मांजरा कोरडी." सरकारने एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होऊ शकतं, याचं तेव्हा मला त्याहून चांगलं उदाहरण दिसत नव्हतं. आज मी तेच उदाहरण जरा तपासून बघणार आहे.

आधी श्रेय

टीका करण्याआधी एक मान्य करू. सौदी सरकारने जे केलं ते सोपं नव्हतं. २०१५ मध्ये त्यांनी सरकारी खात्यांची कामगिरी मोजणारं एक राष्ट्रीय केंद्र काढलं. नाव 'अदा'. अरबीत अदा म्हणजे कामगिरी, पार पाडणं. आपण 'रक्कम अदा केली' म्हणतो ना, तोच हा शब्द. मग व्हिजनमध्ये आकडे दिले, आणि मुख्य म्हणजे सुरुवातीचे आकडेही दिले. सौदी नागरिकांमधली बेरोजगारी ११.६ टक्के आहे, ती ७ वर आणू. नोकरी-व्यवसायातला बायकांचा सहभाग २२ टक्के आहे, तो ३० करू. आज कुठे आहोत हे छापून टाकणं हे सरकारसाठी धाडसाचं काम असतं. नुसतं 'महिला सक्षमीकरण करू' म्हणून वेळ मारून नेता आली असती.

आणि हे दोन्ही आकडे गाठले गेले. बायकांचा सहभाग मुदतीच्या कितीतरी आधी तीस टक्क्यांपलीकडे गेला, म्हणून उद्दिष्ट ४० केलं. बेरोजगारी २०२० मध्ये कोविडमध्ये १५ टक्क्यांवर चढली होती, ती २०२४च्या शेवटच्या तिमाहीत ७ टक्क्यांवर आली. आता उद्दिष्ट ५. हे खोटं नाही, कागदीही नाही. सौदी दुकानांत, कचेऱ्यांत आज सौदी मुली काम करताना दिसतात, हा बदल दादासारख्या तिथे पंधरा वर्षं काढलेल्या माणसालाही थक्क करतो.

मग माझी तक्रार काय? तीन आहेत.

एक: नाव एकाचं, मोजमाप दुसऱ्याचं

खफजीच्या सौर पाण्याची गोष्ट २०१० पासूनची. तेव्हा घोषणा झाली की सौरऊर्जेवर खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प इथे होईल: रोज ३०,००० घनमीटर, एक लाख लोकांना पुरेल इतकं, तीन वर्षांत. तीन वर्षं गेली. जानेवारी २०१५ मध्ये एका स्पॅनिश कंपनीबरोबर नवा करार झाला, आता रोज ६०,००० घनमीटर. हा सौरऊर्जेवरचा जगातला पहिला मोठा प्रकल्प असेल, असं सांगितलं गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी ती कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या दारात उभी होती.

साठ हजार घनमीटर म्हणजे सहा कोटी लिटर. लातूरला आलेल्या त्या पहिल्या रेल्वेच्या एकशेवीस फेऱ्या, रोज. आकडा खरंच मोठा आहे. पण 'सौरऊर्जेवर चालणारा' म्हणजे काय? करारात सौर पॅनल होते १५ मेगावॅटचे. आता पाठीमागच्या कागदावर हिशेब करा. पडद्यातून दाब देऊन खारं पाणी गोडं करायला घनमीटरमागे साधारण साडेतीन युनिट वीज लागते. म्हणजे रोज दोन लाख दहा हजार युनिट. १५ मेगावॅटचे पॅनल अशा उन्हात दिवसाला साधारण ऐंशी हजार युनिट देतील. चाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेली वीज ग्रिडमधून, आणि ते ग्रिड तेल आणि गॅसवर चालतं.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. चाळीस टक्के ही चांगलीच गोष्ट आहे. पण 'सौर प्रकल्प: एक' असं मोजलं की ती शंभर टक्के होते. 'सौर युनिट: इतके' असं मोजलं असतं तर चाळीसच राहिली असती. उद्दिष्टात काय मोजायचं, हे ठरवताना निम्मी लढाई तिथेच होते.

आपल्याकडे हसायला नको. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं: २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर. डॅशबोर्डवर ठळक आकडा दिसतो तो नळजोडण्यांचा. नळ मोजणं सोपं, त्यातून पाणी किती दिवस आलं हे मोजणं अवघड. लातूरकराला विचारा, नळ आणि पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दोन: छेदात कोण नाही?

आता छेदाकडे येऊ. बेरोजगारी ७ टक्के, ही सौदी नागरिकांची. २०२२च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख भरली, त्यात १ कोटी ३४ लाख बिगर-सौदी. दहातले चार जण. नागरिकांच्या रोजगाराचं उद्दिष्ट ठेवणं हा कुठल्याही सरकारचा हक्कच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की या चार जणांवर जो भार पडला तो कुठेच मोजला गेला नाही.

२०११ मध्ये 'निताकत' आलं. कंपनीत सौदी किती, यावरून तिला रंग: प्लॅटिनम, हिरवा, पिवळा, लाल. लाल कंपनीच्या परदेशी कामगारांचे व्हिसा अडकत. अर्थतज्ज्ञ जेनिफर पेक यांचा २०१७चा अभ्यास सांगतो की सोळा महिन्यांत सुमारे ६३,००० सौदींना नोकऱ्या मिळाल्या, आणि सुमारे ११,००० कंपन्या बंद पडल्या. पहिला आकडा उद्दिष्टात होता. दुसरा नव्हता. शिवाय कागदावर सौदी नेमून त्याला घरी बसवायचा उद्योगही सुरू झाला. मग सरकारने नियम केला की पगार अमुक रकमेच्या खाली असेल तर तो माणूस अर्धाच धरायचा. २०२१ मध्ये ती रक्कम ४,००० रियाल केली. म्हणजे सरकार शिकतं, पळवाटा बुजवतं. पण बुजवतं त्याच, ज्या स्वतःच्या आकड्याला धोका देतात.

जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबावर शुल्क लागलं. माणशी महिना १०० रियाल, दरवर्षी शंभरने वाढत २०२० मध्ये ४००. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००. आजच्या भावाने तीन लाख रुपयांच्या वर. वित्तीय संतुलनाच्या कार्यक्रमात हे शुल्क महसुलाच्या बाजूला दिसतं. ते भरता न आल्यामुळे किती बायका-मुलं परत गेली, हे कुठल्या बाजूला दिसायला हवं होतं?

वहिनी आणि दोन्ही पोरी २०१८च्या उन्हाळ्यात लातूरला परतल्या. धाकटी तेव्हा तिसरीत होती. आता ती अकरावीला आहे आणि बापाला वर्षातून तीस दिवस बघते. मी दादाला एकदा फोनवर उत्साहाने डॅशबोर्डचं कौतुक सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बरोबर आहे रे तुझं. फक्त एक सांग, आम्ही कुठल्या रकान्यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खफजी गावाबद्दलही तोच प्रश्न विचारता येतो. सौदी आणि कुवेत यांच्या सामायिक मालकीचं इथलं तेलक्षेत्र ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद पडलं. कारण दिलं गेलं पर्यावरणाच्या नियमांचं, पण दोन देशांतले मतभेद सर्वांना ठाऊक होते. डिसेंबर २०१९ मध्ये करार झाला आणि २०२० मध्ये उत्पादन सुरू झालं. पाच वर्षं. व्हिजनची घोषणा, पहिला आराखडा, त्याची दुरुस्ती, सगळं या पाच वर्षांत झालं. गावाचा मुख्य धंदा बंद असताना राष्ट्रीय आकडे पुढे सरकत होते. राष्ट्रीय सरासरीत एक गाव बुडालेलं दिसत नाही.

तीन: हुकलं तर काय?

गाठलेलं उद्दिष्ट वाढवलं जातं, ते आपण पाहिलं. हुकलेल्याचं काय होतं? अर्थसंकल्प २०१९-२०च्या सुमारास संतुलित होणार होता. २०१७च्या अखेरीस ती तारीख २०२३ झाली. २०२२ मध्ये तेलाच्या भावाने शिल्लक दिली, २०२३ मध्ये पुन्हा तूट. नवीकरणीय ऊर्जेचं पहिलं उद्दिष्ट होतं २०२३ पर्यंत साडेनऊ गिगावॅट. २०१९ मध्ये त्याऐवजी २०३० साठी ५८.७ गिगावॅट असा कितीतरी मोठा आकडा आला. २०२३ संपलं तेव्हा प्रत्यक्षात होते तीन गिगावॅटच्या आसपास. मोठ्या नव्या आकड्याच्या सावलीत लहान जुना आकडा विसरला जातो.

तारीख बदलणं पाप नाही. परिस्थिती बदलते. पण बदल का केला, चूक अंदाजात होती की कामात, आणि जबाबदार कोण, हे कुणीतरी सरकारबाहेरून विचारायला हवं. मोजणाराही सरकारचा आणि मोजला जाणाराही सरकारचा असेल तर हा प्रश्न येत नाही. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने खात्यांना मोजकीच प्राधान्य-उद्दिष्टं निवडायला लावली: मुदत दोन वर्षं, प्रत्येकामागे एक जबाबदार अधिकारी, दर तिमाहीला जाहीर अहवाल. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण मोजकेपणा शिकण्यासारखा आहे. सौदीच्या २०१६च्या पहिल्या राष्ट्रीय परिवर्तन कार्यक्रमात चोवीस खाती आणि पाचशेहून जास्त उपक्रम होते. इतक्या गोष्टी जेव्हा प्राधान्याच्या असतात तेव्हा प्राधान्याची एकही नसते. हे त्यांच्याही लक्षात आलं, कारण नंतर त्याची फेरमांडणी झाली.

आपल्याकडे विचारणारा आहे. जलयुक्त शिवार अभियानाचं ब्रीद होतं '२०१९ पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र'. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला, आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने लिहिलं की ९,६०० कोटींहून अधिक खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेला फारसं यश नाही. विधिमंडळात तो अहवाल मांडला गेला, वर्तमानपत्रांत छापून आला, भांडणं झाली. पाणी त्याने आलं नाही, हे खरं. पण लातूरच्या माणसाला निदान बोट दाखवायला एक छापील कागद मिळाला. दादाला तो मिळत नाही.

आणि तुम्ही?

हे सगळं आखातातलं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. माझी पीएचडी ब्रिटनमध्ये झाली. २०१० पासून तिथल्या सरकारचं उद्दिष्ट होतं की देशातलं निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या खाली आणायचं. त्या मोजणीत विद्यार्थीही धरले होते. एप्रिल २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायचा व्हिसा बंद झाला. उद्दिष्ट एकदाही गाठलं गेलं नाही, २०१९ मध्ये सोडून दिलं, आणि २०२१ मध्ये तसाच व्हिसा वेगळ्या नावाने परत आला. मधल्या वर्षांत पदवी घेतलेल्यांपैकी आम्ही. दादा कुठल्याच रकान्यात नव्हता. आम्ही रकान्यात होतो, पण कमी करायचा आकडा म्हणून. दोन्हीत वाईट कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही टोरांटोत असाल, म्युनिकला असाल, दुबईत असाल. तिथलं सरकार घरांचं, व्हिसांचं, नोकऱ्यांचं काहीतरी उद्दिष्ट जाहीर करेलच. तेव्हा तीन गोष्टी बघा. मोजतायत ते काम की कामाचं फळ? छेदात कोण आहे आणि कोण नाही? आणि हुकलं तर कोण कुणाला जाब विचारणार? तिन्हींची उत्तरं अहवालाच्या पहिल्या पानावर नसतात. तळटिपांत असतात, व्याख्यांच्या परिशिष्टात असतात. ते वाचायला आपल्याला शिकवलं आहे, तर वाचूया.

सौदीला माझी सूचना साधी आहे, आणि ती त्यांच्याच पद्धतीत बसते: 'अदा'च्या यादीत एक आकडा वाढवा. देशात कुटुंबासह राहणारे परदेशी कामगार किती होते, किती उरले. उद्दिष्ट ठेवू नका हवं तर, नुसतं मोजा. जे मोजलं जातं त्याचं निदान कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

दादाला हा लेख पाठवला आहे. त्याचा मेसेज आला: "पाण्याचं बरोबर लिहिलंस. पोरीची इयत्ता चुकली, ती दहावीला आहे." म्हणजे २०१८ मध्ये ती दुसरीत होती. वर मुद्दाम तसंच ठेवलंय. मोजणारा लांब असला की अशा चुका होतात.