पडद्याला छिद्र नाही

इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेवर इब्न अल्-नफीस या वैद्याने १२४२च्या सुमारास भाष्य लिहिलं. त्यातला फुप्फुसांतल्या रक्तप्रवाहाचा उतारा लहानसाच, पण त्याचं सगळं बळ एका नकारात आहे: हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रं नाहीत. दिसणारी नाहीत आणि प्राचीन ग्रीक वैद्य गेलन म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत.

रक्त या पडद्यातून पलीकडे झिरपतं, हे हजारएक वर्षं चालत आलेलं मत त्याने असं बाजूला सारलं. मटणवाल्याकडून बोकडाचं हृदय आणा, आडवं कापा आणि तो पडदा चिमटीत धरून बघा. घट्ट, जाड मांस! रक्त यातून झिरपेल असं बोटांना पटतच नाही.

मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? इथे त्याचा युक्तिवाद फार देखणा होतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीची भिंत जाड, दोन थरांची. म्हणजे तिच्यातून पाझरेल ते रक्त अगदी पातळच असणार. फुप्फुसातून परतणारीची भिंत पातळ, एकाच थराची. म्हणजे आलेलं रक्त ती सहज आत घेणार. म्हणून या दोघींच्या मध्ये वाटा असल्याच पाहिजेत. भिंतीच्या जाडीवरून न पाहिलेल्या वाटेपर्यंत पोचणारी ही नजर मला थक्क करते. विच्छेदनापासून धर्माने आणि स्वतःच्या दयाबुद्धीने आपल्याला रोखलं, असं तो स्वतःच लिहितो.

सगळंच त्याला गवसलं नव्हतं. फुप्फुसात हवा रक्तात मिसळून प्राणतत्त्व तयार होतं, असं तो मानतो. प्रत्यक्षात वायुकोशाच्या अतिपातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तांबडी पेशी हे पाऊण सेकंदात उरकते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांतून मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त वाहतं, ते त्याने सांगितलेल्या वाटेनेच.

त्या वाटा, म्हणजे केशवाहिन्या, १६६१ साली शरीररचनातज्ज्ञ माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. भाष्याचं हस्तलिखित मात्र बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरने ते वाचलं, तेव्हा कुठे जगाला या उताऱ्याची ओळख झाली. रक्ताभिसरण शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर ते सिद्ध करणाऱ्या हार्वेचं १६२८ लिहाल, तेव्हा त्याच्या वर १२४२ लिहायला जागा ठेवा.