विज्ञानकथा आणि अद्भुतकथा : सीमारेषा कुठे ओढायची?

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशकात ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला याचा आपल्याला आनंद झाला. विज्ञानकथा कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट सोडवलेला नाही. आज तोच घेऊ.

सोपे उत्तर आपल्या तोंडावर असते. यान आले, यंत्र आले की विज्ञानकथा. यक्ष-राक्षस आले की अद्भुतकथा, म्हणजे हल्लीच्या भाषेत फँटसी. पण हे उत्तर नारळीकरांच्याच पुस्तकांपाशी अडखळते. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’. नावे ऐकून पुराणे वाटावीत! आणि हा वामन निघतो यंत्रमानव. म्हणजे पात्रांच्या यादीवरून काही ठरत नाही.

दुसरे उत्तर जरा बरे आहे. घडले त्याला शास्त्रीय स्पष्टीकरण असेल तर ती विज्ञानकथा. ते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेला लावून बघू. इतिहासकार गंगाधरपंत एका अपघातातून अशा जगात पोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. परतल्यावर त्यांचा मित्र आपत्ती सिद्धांत आणि पुंजवाद यांच्या आधाराने उलगडा करतो. आता खरे सांगायचे, तर पंतांना तिकडे पुंजवाद नेत नाही, ट्रकची धडक नेते! अणूंच्या पातळीवर अनेक शक्यता असतात, एवढ्यावरून आख्खा माणूस दुसऱ्या इतिहासात जाऊन येतो हे सिद्ध होत नाही. ट्रकच्या जागी ऋषीचा शाप ठेवला, तरी प्रवास तसाच झाला असता. मग हिला अद्भुतकथा म्हणायचे का?

आम्हाला तसे वाटत नाही. पंत तिकडे गेल्यावर काय करतात ते बघा. हात जोडून बसत नाहीत. ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचा ग्रंथ दोन्ही टोकांकडून वाचत आत येतात : आपला आणि यांचा इतिहास नेमका कुठल्या क्षणी वेगळा झाला? तो क्षण सापडतो. विश्वासरावांना लागायची गोळी त्यांना चाटून गेलेली असते. पुढे मित्र शंका घेतो, तेव्हा खिशातले बखरीचे फाटके पान पुरावा म्हणून समोर येते.

सीमारेषा इथे आहे. कथेतली माणसे नवलाला प्रश्न विचारतात का, आणि कथा त्या प्रश्नाला बांधील राहते का? अद्भुतकथेतही नियम असतात, पण ते पाळायचे असतात, तपासायचे नसतात. कोंबडा आरवला की भूत पळते. का पळते, असे विचारले की गोष्टीची मजा गेलीच. यात कमीपणा काहीच नाही. नारायण धारपांची भयकथा याच शिस्तीवर उभी राहते. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. लेखणी एकच, पण वाचकाशी केलेले करार दोन.

हा काथ्याकूट कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. कारण ही रेषा पुस्तकाबाहेरही पुसली जाते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. पंचवटीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला पुष्पक विमानाचे अप्रूप वेगळे सांगायला नको. पण ते रामकथेतून उचलून प्रयोगशाळेत आणले, की इंधन कुठले, आराखडा कुठे, असे विचारावे लागते. कवीने त्याची उत्तरे का द्यावीत? अशाने काव्यही हातचे जाते आणि विज्ञानाच्या पदरातही काही पडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी कथा हातात आली, की यान शोधू नका, यक्षही शोधू नका. पुरावा मागितला तर ही कथा चिडते का, एवढे बघा. ज्या कथेला तो प्रश्न आवडतो, ती विज्ञानकथा. इथे थांबू.