आकांक्षित, लाभार्थी आणि वाचक : धाराशिव जिल्ह्यातील शैक्षणिक मूल्यमापनाची परिभाषा

लोकशिक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्थेने आपल्या यशाची ग्वाही आपणच देऊ नये, ते यश तटस्थ परक्याकडून तपासून घ्यावे, हे तत्त्व आता बहुतेक सर्वमान्य झाले आहे. भारतात या तत्त्वाला काही परंपराही आहे. सामूहिक विकास योजनेच्या परीक्षणासाठी १९५२ साली नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली, तेव्हा योजना राबविणारे हात आणि तिचे फळ मोजणारे हात वेगळे असावेत, हाच विचार तिच्या मुळाशी होता. परंतु मोजणारा बाहेरचा असला म्हणजे मोजणी निर्दोष होते, असे मात्र नाही. मोजणारा ज्या शब्दांत प्रश्न विचारतो, त्या शब्दांपलीकडचे त्याला दिसत नाही. धाराशिव जिल्ह्यातील शैक्षणिक मूल्यमापनाचा विचार या बाजूने फारसा झालेला नाही. तो येथे करावयाचा आहे.

बाहेरची मोजणी या जिल्ह्याला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे मोठे कार्य झाले. त्याबरोबर स्वयंसेवी संस्था आल्या, देणगीदार आले आणि त्यांचे अहवालही आले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी विशेष कार्यक्रम जाहीर केला. त्यात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे निवडले गेले. (जिल्ह्याचे धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले.) या कार्यक्रमात ४९ निर्देशांकांवर जिल्ह्यांची प्रगती मोजून क्रमवारी लावली जाऊ लागली. एकूण गुणांपैकी ३० टक्के भार शिक्षणाचा होता, आणि तिसरी, पाचवी व आठवीच्या विद्यार्थ्यांची भाषा व गणितातील संपादणूक हा त्या भाराचा एक घटक होता. आरंभीची क्रमवारी जिल्ह्यांनी स्वतः पुरविलेल्या आकड्यांवर आधारलेली होती. त्याच वर्षी पुढे बाह्य संस्थांकडून देशभरातील एक लाखाहून अधिक कुटुंबांची पाहणी करवून त्या आकड्यांना जोड देण्यात आली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती.

या कार्यक्रमातील जिल्ह्यांना मराठीत ‘आकांक्षित जिल्हे’ असे नाव रूढ झाले. व्याकरणदृष्ट्या हा शब्द चिंत्य आहे. ‘आकांक्षी’ म्हणजे आकांक्षा बाळगणारा. ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा दुसऱ्याने धरली आहे तो. पहिल्या शब्दात जिल्हा कर्ता आहे, दुसऱ्यात तो कर्म झाला आहे. हिंदीत ‘आकांक्षी’ हेच रूप रूढ आहे, हे लक्षात घेता मराठीतील फरक अधिकच जाणवतो. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात असा काही हेतू असेल, असे मानण्याचे कारण नाही. तरीही अजाणता घडलेली ही चूक प्रत्यक्षातील एका वृत्तीशी जुळते: मोजणी जिल्ह्याची होते, परंतु काय मोजावे हे जिल्ह्याला कोणी विचारीत नाही.

‘लाभार्थी’ हा शब्द याहून अधिक फसवा आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. ‘विद्यार्थी’ शब्दाने विद्येची इच्छा सूचित होते, विद्येची प्राप्ती नव्हे. त्याच न्यायाने लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. अहवालांत मात्र हा शब्द ‘लाभ झालेला’ या अर्थी योजला जातो. एखाद्या संस्थेने वर्षभरात अमुक इतके लाभार्थी नोंदविले, असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा वर्गात किती मुले बसली हे कळते. त्यांच्यापैकी किती शिकली हे कळत नाही. नोंदणी आणि प्राप्ती यांतील हे अंतर शोधणे हेच बाह्य मूल्यमापनाचे मुख्य प्रयोजन होय.

हे अंतर सामान्य माणसाला दिसेल अशा रीतीने मांडण्याचे श्रेय ‘असर’ या पाहणीकडे जाते. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली ती सुरू केली. पाहणीच्या पद्धतीनुसार प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावी २० कुटुंबे निवडली जातात. मुलांची चाचणी शाळेत नव्हे तर घरी, एकेकट्याने आणि तोंडी घेतली जाते. मुलापुढे प्रथम एक सोपा परिच्छेद ठेवतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, न जमला तर सुटे शब्द आणि तेही न जमल्यास अक्षरे. मूल जेथवर पोचते ती त्याची पातळी. अंगणात चाललेली ही परीक्षा निरक्षर आईलाही समजते, आणि आपले मूल पाचवीत असून दुसरीची गोष्ट वाचीत नाही, हे तिला त्याच ठिकाणी कळते. मूल्यमापनाची इतकी लोकाभिमुख पद्धती दुसरी क्वचितच आढळेल.

तथापि या पद्धतीच्याही मर्यादा आहेत, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्या ठळक होतात. पहिली मर्यादा भाषिक आहे. येथील ग्रामीण बोलीत शब्दारंभीच्या ‘व’पुढे ‘इ’ वा ‘ए’ आल्यास ‘व’चा लोप होतो किंवा त्याचा ‘य’ होतो. ‘विहीर’ची ‘हीर’ आणि ‘वेळ’चा ‘येळ’ होतो; ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘काय करतोस’ याऐवजी ‘काय करायलास’ असे विचारले जाते. समजा, तिसरीतील मुलीने छापील ‘वेळ’ पाहून ‘येळ’ असा उच्चार केला. तिने अक्षरे ओळखली, शब्द जुळविला, अर्थ जाणला आणि तो आपल्या भाषेत सांगितला. वाचन याहून वेगळे काय असते? उलट, दुसरा मुलगा तोच शब्द प्रमाण उच्चाराने वाचील, पण त्याला वाक्याचा अर्थ उमगलेला नसेल. मूळ चाचणीच्या पातळ्यांत आकलनाचा प्रश्न नाही. म्हणून दुसरा मुलगा निर्वेध पार पडतो आणि पहिल्या मुलीचे भवितव्य सर्वेक्षकाच्या कानावर अवलंबून राहते. सर्वेक्षक स्थानिक असेल तर तो बहुधा न्याय करतो. परंतु त्याने केलेला हा निर्णय नोंदपत्रात उमटत नाही. तेथे फक्त पातळी उरते.

उमरग्याच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारी मुले आहेत, तांड्यांवर गोरबोली बोलणारी आहेत, गावोगावी दखनी बोलणारी आहेत. शाळेची मराठी ही यांची दुसरी भाषा होय. दुसऱ्या भाषेत वाचताना अडखळणारे मूल आणि पहिल्या भाषेतही अक्षरओळख नसलेले मूल यांना एकाच रकान्यात घातल्यास, दोघांवरही एकच उपाय योजला जाईल आणि तो निदान एकाच्या बाबतीत चुकेल.

दुसरी मर्यादा हंगामाची आहे. या पाहण्या बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात होतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. भूम, वाशी, कळंब या भागांतील कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुले कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. सर्वेक्षक दाराशी येतो तेव्हा घराला कुलूप असते. बंद घराची नोंद होते आणि पाहणी पुढल्या घराकडे सरकते. जिच्या शिक्षणाची सर्वाधिक चिंता करावी ती मुलगी अशा रीतीने आकड्यातूनच निसटते. पाहणी आठ दिवस अलीकडे झाली की पलीकडे, यावरही अशा गावाचे चित्र बदलू शकेल.

तिसरी मर्यादा पाहणीची नसून तिच्या वापराची आहे. जिल्ह्यातील ६०० कुटुंबांतून तिसरीत शिकणारी मुले समजा शंभर मिळाली, तर केवळ नमुन्याच्या योगायोगाने टक्केवारी दहाने इकडेतिकडे होऊ शकते. असे असता चार टक्क्यांची वाढ दाखवून एखाद्या संस्थेने आपले यश सिद्ध झाल्याचे सांगणे, किंवा तेवढ्याच घटीवरून देणगीदाराने तिचे साहाय्य थांबविणे, दोन्ही सारखेच अशास्त्रीय होय. जिल्ह्याचा आकडा जिल्ह्याची प्रकृती सांगतो. वीस शाळांत काम करणाऱ्या संस्थेचा गुणदोष त्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच वीस शाळांची कार्यारंभीची नोंद हवी, आणि कार्य न झालेल्या तत्सम शाळांशी तुलना हवी. लहान संस्थांपाशी याला लागणारे मनुष्यबळ नसते. बाहेरच्या तज्ज्ञाने निकाल देण्यापूर्वी हे साहाय्य द्यावे, असे म्हटल्यास ते अवाजवी ठरू नये.

येथवरच्या विवेचनाचा अर्थ बाह्य मूल्यमापन नको, असा घेणे चुकीचे होईल. ते नसेल तर लाभार्थ्यांच्या याद्याच तेवढ्या उरतील, आणि न शिकलेली मुले शिकलेली म्हणून नोंदली जात राहतील. प्रश्न नोंदपत्राच्या दुरुस्तीचा आहे, आणि ती दुरुस्ती खर्चाची नाही. मुलाच्या घरच्या भाषेचा एक रकाना असावा. उच्चारभेद आणि वाचनदोष वेगळे नोंदले जावेत. वाचल्यावर एक तरी प्रश्न अर्थाचा विचारावा, आणि उत्तर मुलाच्या बोलीत स्वीकारावे. कुलूपबंद घरांची संख्या निष्कर्षाच्या शेजारीच छापावी, आणि हंगाम संपल्यावर त्या घरांकडे पुन्हा जावे. निष्कर्ष अखेर गावाच्या ग्रामसभेत, गावाला समजेल अशा मराठीत वाचून दाखवावेत.

‘मूल्यमापन’ या शब्दात मूल्य आधी आहे आणि मापन नंतर. काय मोलाचे आहे हे ठरल्यावाचून मापाला अर्थ येत नाही, आणि ते ठरविण्यात ज्यांची मुले मोजली जातात त्यांचा वाटा असलाच पाहिजे. तो वाटा ज्या दिवशी त्यांना मिळेल, त्या दिवशी या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ऐवजी ‘आकांक्षी’ म्हणणे केवळ व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध राहणार नाही, ते वस्तुस्थितीलाही धरून होईल.