पाइपाभोवतीचा तोल

जालन्यात लोखंड टाकून देणे फार सोपे आहे. औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्यांना भंगाराची भूक बारा महिने असते. दारातून उचललेला गंजका पत्रा वितळतो, रोलिंग मिलमधून निघतो आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतो. म्हणून गाडी लावायच्या गाळ्याचे जुने शटर अडकू लागले की सल्ला ठरलेला येतो: काट्यावर घाला आणि नवे बसवा. मला तो पटत नाही. हाताने ढकलायचे साधे शटर, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच, ही मामा चौकापासून गांधी चमनपर्यंत रोज दिसणारी आणि जवळजवळ कुणीच न न्याहाळलेली कारागिरी आहे. ती उलगडते दुरुस्तीच्या वेळी, आणि तीही स्वतः हात घातला तरच. भट्टीत एक टन भंगार वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. असले शटर शंभरेक किलोच्या घरात जाते, म्हणजे त्याच्या वाट्याला साठेक युनिट. तेवढ्या विजेत काय काय विरघळून जाते, ते एकेक भाग हाताळत पाहण्यासारखे आहे.

आधी हत्यार उचलू नये, कान द्यावा. शटर सावकाश वर ढकलावे आणि नुसते ऐकावे. निरोगी शटरची खळखळ एकसारखी असते. तिच्यात खोट असली तर ती स्वतःचा पत्ता सांगते. एखादीच पट्टी दुखावलेली असेल, तर ती गाईड, म्हणजे बाजूची उभी खाच, सोडून गुंडाळीवर चढताना एकदाच 'टक्' होते. गाईडलाच पोचा आलेला असेल, तर त्या जागेवरून जाणारी प्रत्येक पट्टी कुरकुरते आणि 'टक् टक् टक्' अशी सलग माळ लागते. वरच्या पुलीचा बोल्ट ढिला असेल, तर आवाज फेऱ्यागणिक येतो. यातली खरी गंमत पुढे आहे: शटर जसजसे वर जाते तसतसे फेऱ्यांच्या त्या आवाजांमधले अंतर वाढत जाते. गुंडाळीवर पट्ट्यांचे थर चढतात, घेर मोठा होतो आणि एका फेऱ्यात आधीपेक्षा जास्त पत्रा ओढला जातो. न दिसणारी गुंडाळी किती जाड झाली, हे खाली उभ्या माणसाला नुसत्या आवाजाच्या लयीवरून कळते. कुठलाही मापाचा टेप इतके सुबक उत्तर देत नाही.

आता पट्टी पाहू. अशा शटरात तिसाहून थोड्या अधिक पट्ट्या असतात आणि चांगल्या शटरचा पत्रा १.२५ मिलिमीटर जाडीचा असतो. या जाडीची सपाट पट्टी दहा फुटांवर दोन टोकांना टेकवली, तर ती स्वतःच्याच वजनाने झोळ खाते. कारखान्यात रुळांमधून काढताना तिला साधारण १२ मिलिमीटर उंचीची पन्हळ देतात आणि त्या एवढ्याशा उभारीने तीच पट्टी दहा फूट ताठ उभी राहते. जाडी वाढवली असती तर वजन वाढले असते, वजन वाढले असते तर स्प्रिंगा वाढल्या असत्या. इथे आकाराने ते सगळे वाचवले आहे. सरकारी बांधकामाच्या तपशिलात अट असते की पट्टी सलग एका तुकड्याची हवी, मधे वेल्डिंगचा सांधा नको. दुरुस्तीला बसल्यावर या अटीतले शहाणपण उमगते. सडलेल्या पट्टीवर वेल्डिंगने ठिगळ मारले की तेवढी जागा फुगते, गुंडाळीत वरची पट्टी तिच्यावर बसताना डगमगते आणि एका ठिगळाचा त्रास शेजारच्या दोन पट्ट्यांना होतो. म्हणून पट्टी बदलायची तर अख्खी. जालन्यात ती भंगारवाल्याकडेही मिळू शकते, कारण जुन्या शटरांचे ढीग तिथेच येऊन पडतात. आपल्या पट्टीचा हातभर तुकडा सोबत न्यावा, पन्हळीत पन्हळ बसवून पाहावी आणि फट न दिसणारी जोड मिळाली तरच पैसे मोजावेत.

पोचा काढायचे कामही संयमाचे आहे. गाडीचा बंपर लागून पट्टी आत गेली असेल, तर घाईत माणूस आतून नेमका खळग्याच्या मध्यावर हातोडा घालतो. तिथे पत्रा ताणला जातो. एकदा ताणला की त्याला जास्तीची जागा लागते, ती मिळत नाही आणि मग बोटाने दाबले तरी तो टणकन आत-बाहेर करत राहतो. कसबी हात बाहेरून वाळूची पिशवी टेकवतो, लाकडी मोगरी घेतो आणि खळग्याच्या कडेपासून हलक्या ठोक्यांनी गोल गोल आत येतो. मध्यावर पोचेपर्यंत तिथे मारण्यासारखे काही उरतच नाही.

सगळ्यात कमी लक्ष जाते ते दोन पट्ट्यांमधल्या सांध्याकडे, आणि मला तोच सर्वांत आवडतो. प्रत्येक पट्टीची वरची कड एका बाजूला वळवलेली असते, खालची दुसऱ्या बाजूला. एकीचे वळण दुसरीच्या वळणात अडकले की दहा फूट लांबीची सलग बिजागरी तयार होते. तिला पिन नाही, खिळा नाही, आटे नाहीत. समोरून ओढून ती सुटत नाही, वर-खाली करूनही सुटत नाही. सुटते फक्त आडवी सरकवली तर, म्हणजे गाईड काढल्याशिवाय नाहीच. चोराला न साधणारी आणि मिस्त्रीला सहज साधणारी अशी ही एकच दिशा ज्याने मोकळी ठेवली, त्याने दुरुस्तीचा विचार घडवतानाच केला होता.

ती दिशा रोजच्या वापरात बंद ठेवायला पट्ट्यांच्या टोकांना क्लिपा असतात, बहुतेक शटरांत एकाआड एक पट्टीला, रिव्हेटने बसवलेल्या. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी रिव्हेट झिजतो, क्लिप गळून पडते आणि पट्टी दरवेळी केसभर सरकू लागते. शेवटी तिचे टोक गाईडच्या तळाला घासते आणि शटर तिरके होऊन अडकते. 'शटर गेले' म्हणतात, त्यातल्या कितीतरी तक्रारींचे मूळ या बोटभर क्लिपेत असते. सरकलेली पट्टी लाकडी ठोकळा ठेवून ठोकत जागेवर आणायची, जुन्या रिव्हेटचे डोके कानशीने घासून काढायचे, नवी क्लिप लावायची. रिव्हेटचे डोके पत्र्याच्या सपाटीवर दाबून बसले की काम नीट झाले. उंच राहिले तर तेच डोके उद्या गाईड खरवडेल. बोटाच्या पेरावर कळणारा हा फरक आहे.

गाईडच्या मापात जालन्याचा उन्हाळा आधीच धरलेला आहे. साडेतीन मीटरपर्यंतच्या शटरला गाईडची खोली किमान ६५ मिलिमीटर असावी, असा दंडक आहे. पट्टीचे टोक या खोलीत बरेच आत जाते, पण तळाला टेकत नाही. ती मोकळी जागा पट्टीच्या वाढीसाठी आहे. हिवाळ्याच्या पहाटेचा पत्रा आणि मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात भाजलेला पत्रा यांच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात दहा फुटी पट्टी जवळजवळ दोन मिलिमीटरने लांबते. दुपारी जड चालणारे आणि सकाळी हलके होणारे शटर बिघडलेले असेलच असे नाही. त्याची एवढीशी मोकळीक कुणीतरी खाल्लेली असते. बहुधा आपल्या काळ्या मातीने. कपाशीची ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की खांब हलतात आणि दोन गाईडांमधले अंतर वर एक, खाली एक होते. म्हणून पत्र्यावर हातोडा चालवण्यापूर्वी ते अंतर वर, मध्ये आणि खाली मोजावे, आणि चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण जुळले नाहीत तर दोष चौकटीचा आहे, शटरचा नाही. मग गाईडचे बोल्ट सैल करायचे, पाठीमागे पत्र्याची पातळ पॅकिंग सरकवायची आणि ओळंबा लावून पुन्हा आवळायचे. पॅकिंगच्या एका पातळ पत्र्याने शंभर किलोचे धूड जागेवर येताना पाहणे, हे सुख मोठे आहे.

गाईडमध्ये ग्रीस थापायची सवय मात्र मोडायला हवी. आपल्या रस्त्यावरची धूळ ग्रीसमध्ये कालवली की तिचा घासायचा लेप होतो आणि तो पत्राच झिजवतो. रॉकेलच्या फडक्याने गाईड पुसून कोरडे करावे आणि आत मेणबत्ती चोळावी. मेणावर धूळ टिकत नाही, आणि पट्टी त्यावरून अशी घसरते की ढकलणारा हात चकित होतो.

आता वर, गुंडाळी झाकणाऱ्या हुडाच्या आत. तिथे सगळ्या शटरचा अर्थ आहे. आडवा पाइप दोन भिंतींवरच्या ब्रॅकेटांत घट्ट आवळलेला असतो. तो फिरतो असे वाटते, पण तो फिरत नाही. फिरतात त्यावरच्या बिडाच्या पुल्या, आणि वरची पट्टी त्यांनाच बोल्टने जोडलेली असते. पुली आणि पाइप यांच्यामध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते, एक टोक इकडे, एक टोक तिकडे. शटर खाली ओढले की पुली फिरते आणि स्प्रिंग पिळली जाते. शटर पूर्ण खाली असते तेव्हा सगळे वजन लोंबत असते, आणि नेमकी तेव्हाच स्प्रिंग सर्वांत जास्त पिळलेली असते. वर जाताना लोंबते वजन कमी होत जाते आणि स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. ओझे आणि जोर बरोबरीने उतरतात. म्हणून घरातले म्हातारे माणूसही एवढे वजन एका हाताने वर सारू शकते. अमेरिकेत १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी वर उचलायचा गॅरेजचा दरवाजा काढला. त्या दरवाजांच्या घराण्यातही स्प्रिंगने ओझे तोलायचे हेच तत्त्व रुजले. आपल्याकडे ते पत्र्याच्या पट्ट्यांत गुंडाळून गल्लीबोळांत पोचले.

हा तोल अगदी काटेकोर मात्र नाही, आणि त्यातच मिस्त्रीची कला आहे. शटर वर गेले की गुंडाळी जाड होते, म्हणजे लोंबते वजन घटले तरी ते पाइपापासून लांबून ओढते. त्यामुळे वजनाचा जोर आणि स्प्रिंगचा जोर प्रत्येक उंचीवर तंतोतंत जुळत नाहीत. चांगला शटरवाला तोल मध्यावर बसवतो आणि दोन्ही टोकांना थोडी तूट-वाढ ठेवतो. त्याची परीक्षा साधी: शटर कमरेच्या उंचीवर आणून हात सोडावा. जिथल्या तिथे थांबले तर तोल बसला. खाली घसरले तर पीळ कमी, आपोआप वर पळाले तर जास्त. पीळ वाढवायला एकेक स्प्रिंग उघडत बसावे लागत नाही. ब्रॅकेटाची पकड सैल करून अख्खा पाइपच पान्याने थोडा फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा, की सगळ्या स्प्रिंगा एकदम चढतात. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार सुरात आणावी तसे हे काम आहे, आणि ते करताना शटरवाल्याचे डोळे पाइपाकडे नसतात. त्याचा एक हात सतत पट्टीवर असतो.

हे एवढे काम घरच्या माणसाने करू नये, हेही इथेच बजावून सांगितले पाहिजे. पिळलेली स्प्रिंग निसटली तर पान्यासकट हात उडवते, आणि तुटलेल्या स्प्रिंगचे शटर सगळ्या वजनाने खाली येते. पाइप आणि पुल्या सोडून बाकी सारे आपले. तिथे मात्र अनुभवी माणसाला बोलवावे, आणि तो काम करत असताना खाली कुणी उभे राहू नये. तो येईपर्यंत शटर अर्धवट उघडे ठेवायचे असेल, तर गाईडमध्ये बोल्ट अडकवून त्याला आधार द्यावा. नुसत्या भरवशावर त्याच्याखालून जाऊ नये. आमच्या शटरवाल्याने एका शटरची पकड आवळण्यापूर्वी ते दोनदा वर-खाली केले, मग पाइप आणखी बोटभर पिळला. विचारले तर म्हणाला, ''भाऊ, आता सोपं आहे; पावसाळ्यात जड होईल. तेवढा पीळ जास्त ठेवला.'' माप कुठेही लिहिलेले नव्हते.

गंज खालून चढतो. पावसाचे शिंतोडे उंबऱ्यावर आपटतात, पाणी खालच्या अँगलच्या खाचेत साठते आणि शेवटच्या दोन-तीन पट्ट्या आतून जातात. म्हणून बदलायला लागतात त्या याच, आणि बाकी शटर बहुधा धडधाकट असते. नवा अँगल बसवताना खाचेत थोड्या थोड्या अंतरावर बारीक भोके पाडावीत, म्हणजे पाणी निघून जाईल. अँगलच्या खाली रबराची पट्टी लावली तर आवाज मवाळ होतो आणि फरशीचा उंचसखलपणाही झाकला जातो. कुलपाचे कान मात्र जुनेच ठेवावेत, जर त्यांची भोके झिजून लांबट झालेली नसतील. जाड पत्र्याचे ते हाताने कापलेले कान नव्या तयार कानांपेक्षा बहुधा दमदार असतात; कडा नीट पाहिली तर छिन्नीच्या खुणा दिसतात.

शेवटी रंग. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, रेड ऑक्साइडचा प्रायमर, मग इनॅमल, आणि दोन्ही हात पातळ. जाड हात सांध्याच्या वळणात जाऊन सुकतो आणि बिजागरी चिकटवतो. शटर पूर्ण खाली ओढून रंगवावे, पूर्ण वाळू द्यावे, मगच सावकाश वर न्यावे. पहिल्या गुंडाळीत प्रत्येक सांध्यावरचा रंग घासला जाऊन लोखंडाची केसाएवढी चमकती रेघ उमटते, तिसाहून अधिक पट्ट्यांवर एकसारखी, एकीखाली एक. त्या रेघेवर पुन्हा रंग लावू नये. तिथे तेलाचे बोट फिरवावे, दर पावसाळ्याआधी.