फक्त पाच मिनिटे!

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि महिला-विशेषांकांत 'कामात गर्क असणाऱ्यांसाठी झटपट घरकाम' नावाचा जो साहित्यप्रकार फोफावला आहे, त्याची मराठी समीक्षेने अजून म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. लावणीवर प्रबंध झाले, ओवीवर झाले. पण 'ओटा चकचकीत, फक्त पाच मिनिटांत' यावर कुणी दोन ओळी लिहिल्या असतील तर शपथ! मी या साहित्याची जुनी वाचक. कात्रणेसुद्धा जपून ठेवते. (डब्यांच्या फळीवर अंथरायला बरी पडतात.) तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात यायचे होते म्हणायचे.

या वाङ्मयाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यातली काळाची कल्पना. 'मऊ लुसलुशीत इडली दहा मिनिटांत!' आता यात खोटे काही नाही. इडली उकडायला दहाबारा मिनिटेच लागतात. पण डाळ-तांदूळ पाच-सहा तास भिजवायचे, वाटायचे, पीठ रात्रभर उबेला ठेवायचे आणि पुण्याच्या थंडीत ते सकाळी रुसून तळाशी बसले असेल तर त्याची मनधरणी करायची, हे सारे पडद्यामागे उरकते. संस्कृत नाटकांत युद्ध रंगमंचावर दाखवत नसत, तसलाच हा संकेत असावा. आणि नंतर इडलीपात्राच्या भोकांत अडकलेले पीठ काडीने कोरत बसायचे, तो अंक तर लेखक लिहीतच नाही. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' 1970 साली आले, ते घरोघरी का टिकले? वाटी-चमच्याचे माप रोखठोक सांगितले म्हणून. या झटपटवाल्यांची वाटी कुठली आणि घड्याळ कुणाचे, काही कळत नाही.

दुसरे वैशिष्ट्य रसनिष्पत्तीचे. हा रस म्हणजे फेस. 'मोरीत खाण्याचा सोडा भुरभुरवा, वर व्हिनेगर ओता, आणि बघा जादू!' फसफस होते खरी, पण तो निघून चाललेला कार्बन डायऑक्साइड. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून मोकळी होतात आणि मागे राहते ते जवळजवळ खारे पाणी. वास्तविक एकटा सोडा तेलकटपणा काढतो, एकटे व्हिनेगर नळावरचे क्षाराचे पांढरे डाग काढते. दोन कर्तबगार माणसांचे लग्न लावून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही नोकरी सोडावी, तसली ही जादू. बरे, फेसाने नुकसान तरी होत नाही. पण याच हुरूपाने कुणी संडास धुवायचे आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतले, तर क्लोरीन वायू सुटून जिवावर बेतेल. तिथे मात्र थट्टा नको. माझी आजी तांब्याचा बंब चिंच-मिठाने घाशी. चिंचेतल्या आम्लाने काळपटपणा निघतो, हे शास्त्र तिला हाताने ठाऊक होते. पण 'पाच मिनिटांत' असे ती कधी म्हणाली नाही. घासत बसे आणि आमच्याकडून पाढे म्हणवून घेई.

राहता राहिला नायक. 'कामात गर्क माणूस' म्हणजे कोण? शीर्षकात तो पुल्लिंगी असतो. दुसऱ्या ओळीपासून 'मैत्रिणींनो' सुरू होते. 'मित्रांनो, कुकरची रिंग धुवा' असे मी अद्याप वाचलेले नाही. सरकारने 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाईचे रोज सरासरी 299 मिनिटे जातात आणि पुरुषाची 97, असे निघाले. 2024 साली पुन्हा मोजले, तेव्हा बाईची 289 भरली. पाच वर्षांत मिक्सर आले, फूड प्रोसेसर आले, टिपांचे डोंगर आले आणि वाचली किती, तर दहा मिनिटे. म्हणजे दोन टिपा! पुरुषांचीही 97 वरून 88 झाली. तेही वाचत असावेत.

हे आकडे मी आमच्या ह्यांना वाचून दाखवले.

"अठ्ठ्याऐंशी? म्हणजे मी सरासरीच्या वर की खाली?" ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारले.

"तुम्ही सरासरीतच नाही. ती काम करणाऱ्यांची आहे."

गंमत बाजूला ठेवू. टीपकारांवर माझा खरा आक्षेप आहे तो त्यांनी हाताचीच मिनिटे मोजली म्हणून. गॅस संपत आला आहे, कामवाल्या बाई मंगळवारी येणार नाहीत, धाकट्याच्या डब्याला परवाही बटाटाच दिला होता, हे डोक्यात बाळगायला किती मिनिटे लागतात? हे काम झोपेतही चालू असते आणि त्याला व्हिनेगर लागू पडत नाही. याची झटपट कृती कुणी छापली तर ते कात्रण मी फळीवर घालणार नाही, चौकटीत बसवीन.

ह्यांच्यात अलीकडे थोडी सुधारणा दिसते, हे नमूद केले पाहिजे. परवा रात्री अकरा वाजता दिवा मालवल्यावर हे एकदम म्हणाले, "अगं, मटकी भिजत घातलीस का?"

मला खरेच राहिले होते. मी उठले. परत येईतो हे घोरत होते.