फोटोतला रस्ता आणि फोटोबाहेरच्या बायका

बेळगावचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवायची आता रीतच पडली आहे. डावीकडं मोकळा रस्ता, कौलारू घरं, एखादी बैलगाडी. उजवीकडं तोच रस्ता. पण वायरी, दुचाक्या, पाट्या. खाली ठरलेलं वाक्य, काय होतं आणि काय झालं! बघणारा हळहळतो. ही हळहळ खोटी नसते. पण तांदूळ निवडताना सुपात बघतो, तसं या जोडीकडंही जरा निवांत बघायला हवं. खडे सापडतात.

पहिला खडा मोकळ्या रस्त्याचा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यात चित्र उमटायला फार वेळ लागायचा. १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, तर त्यात गाड्या नाहीत, गर्दी नाही. बूट पुसून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा ओळखू येतो. जो हलला तो पुसला गेला. पुढं कॅमेरे झटपट झाले हे खरं. तरी फोटो पहाटेचा की बाजाराच्या दिवसाचा, हे लिहिलेलं नसेल तर 'तेव्हा किती शांत होतं' हे कशावरून म्हणायचं?

दुसरा खडा कॅमेरा कुठं उभा होता याचा. जेम्स बर्जेस यांचा बेळगाव-कलादगी जिल्ह्यांतल्या वास्तूंचा अहवाल १८७४ चा. किल्ल्यातल्या जैन मंदिरांची दखल त्यात आहे. रट्टांच्या काळातली, १२०४ ची आपली कमल बस्ती अशी नोंदली गेली, हे आपलं भाग्यच. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीकडं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाही कॅमेरे आले. पण शहापूर-वडगावच्या मागांच्या गल्ल्या आणि अनगोळचं भाताचं शिवार यांच्यासाठी मुद्दाम कोण येणार? ज्यांचा 'तेव्हा'चा फोटोच नाही, त्यांचं काय गेलं हे अशा जोडीत कधी दिसत नाही. मोजक्या चार रस्त्यांवरून आपण सगळ्या शहराचा हिशेब मांडतो.

तिसरा खडा सगळ्यात मोठा. शेजारच्या आज्जींना अशी एक जोडी दाखवली. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "रस्ता बरा हाय गं, पण ह्यात आमी कुठं हाव?" डावीकडच्या फोटोत बाई दिसलीच तर डोक्यावर भारा घेऊन कडेनं चाललेली. उजवीकडच्या गर्दीत मात्र स्कूटीवरची पोर आहे, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई आहे. रस्ता बिघडला म्हणताना तो कुणासाठी बिघडला, हे विचारायला नको का? उलट बाजूही आहेच. सावलीची झाडं गेली, आणि त्याच आज्जींना आता रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागतो. एकाच नयानं बघितलं म्हणून फोटो खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो.

पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात जुन्या गल्ल्या पाडण्याआधी नगरपालिकेनं मारव्हिल या फोटोग्राफरकडून त्यांचे फोटो काढून घेतले. मोडणाऱ्यांनीच आधी नोंद ठेवली. आपल्याकडं ही नोंद घरच्या आल्बममध्ये पडून आहे. हळदीच्या फोटोत नवरीच्या मागं कट्टा दिसतो, बारशाच्या फोटोत दारातला नळ आणि समोरची कौलं. माणसं ओळखून आपण पान उलटतो, मागची गल्ली बघतच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, दुपारी सवड काढून तो आल्बम खाली काढा. सासूबाईंना शेजारी बसवा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं, न दाबता, गल्लीचं नाव, साल आणि फोटोतल्या बायकांची नावं लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते, ती नको. उद्या कुणी जोडी लावायला बसलं, तर डावीकडं ठेवायला आपल्या गल्लीचाही एक फोटो असू दे.